दूधगंगेकाठचा ऊस : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

नोव्हेंबर उजाडला की सदलग्याच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ सुरू होते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले काही ट्रॅक्टर दूधगंगा ओलांडून महाराष्ट्रातल्या शिरोळ-हातकणंगल्याच्या कारखान्यांकडे निघतात. काही पलीकडचा ऊस घेऊन इकडे चिकोडी, बेडकिहाळ, निपाणीच्या बाजूला येतात. एकाच जातीचा, जवळजवळ सारख्याच मातीतला ऊस दोन उलट दिशांना का जातो? नीट उत्तर द्यायचे तर नदी आणि माती समजून घ्यावी लागते, वनस्पतीचे शरीर समजून घ्यावे लागते, शिवाय सहकाराचा कायदा, मजुरांचे स्थलांतर आणि साखरेचा बाजारही. ऊसशेतीचा अभ्यास हे एवढे मोठे शिवार आहे. कृषी महाविद्यालयातल्या मुलामुलींनी, भूगोलाच्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, आणि घरच्या ऊसबिलाची पावती समोर ठेवून हिशेब लावू पाहणाऱ्या तरुण शेतकऱ्यांनी या शिवारात यावे, म्हणून ही प्रस्तावना.

बाहेरच्या वाचकाला सदलगा माहीत असते ते आचार्य विद्यासागर महाराजांचे जन्मगाव म्हणून. अभ्यासकाच्या दृष्टीने ते आणखी एका कारणाने मोलाचे आहे. बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी तालुक्यातले हे दूधगंगेकाठचे गाव कर्नाटकात आहे, शेजारचे दत्तवाड महाराष्ट्रात. घरात आणि बाजारात मराठी-कन्नड दोन्ही चालतात, सोयरिकी दोन्हीकडे होतात, आणि शेतीच्या रिती तर रेषा पाहून बदलतच नाहीत. बदलतात ते नियम. हवा, माती आणि शेतकऱ्याचे कसब सारखे ठेवून कायदा आणि व्यवस्था तेवढी बदलली तर पिकाच्या अर्थकारणात काय फरक पडतो, हे पाहण्याची संधी संशोधकाला क्वचित मिळते. इथे ती रोज मिळते.

या पट्ट्याबद्दल माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना ते तपासता येईल. ऊस पिकवण्यासाठी निसर्गाने जे द्यायचे ते इथे बहुतेक दिलेले आहे. अडते ते त्यानंतरच्या टप्प्यांवर: रानात आलेले पाणी बाहेर काढण्यात, पिकलेला ऊस वेळेवर तोडण्यात आणि तोडलेल्या उसाचे पैसे वेळेवर देण्यात. म्हणून अभ्यासाचे वजन लागवडीइतकेच, किंबहुना थोडे अधिक, निचऱ्यावर, तोडीवर आणि बिलावर पडले पाहिजे.

सुरुवात पाण्यापासून करू. सह्याद्रीच्या कड्याखाली राधानगरीच्या बाजूला वर्षाला तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला येताना तो भराभर उतरतो आणि चिकोडी तालुक्यात येईपर्यंत हजाराच्याही बराच आत येतो. उसाची भूक याच्याशी जुळत नाही. पाटाने पाणी दिले तर सुरू उसाला २५० ते २७५ हेक्टर-सेंटिमीटर आणि आडसालीला ३२५ ते ३५० हेक्टर-सेंटिमीटर पाणी लागते, असे कृषी विद्यापीठाच्या शिफारशी सांगतात. म्हणजे स्थानिक पावसाच्या कित्येक पट. तरीही इथे ऊस उभा आहे, कारण घाटमाथ्यावरचा पाऊस नदीतून चालत इथे येतो. दूधगंगेवरचे काळम्मावाडी धरण हा महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचा आंतरराज्य प्रकल्प. पाटगावच्या धरणातून येणारी वेदगंगा दूधगंगेला मिळते, आणि दूधगंगा पुढे चिकोडी तालुक्यातच कृष्णेत जाते. पात्रांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा ओसरला की त्यांत बरगे घालून पाणी अडवायचे, पावसाळ्याआधी ते काढून घ्यायचे. अडलेल्या पाण्यावर जॅकवेल, मोटारी आणि मैलोन् मैल पुरलेल्या पाइपलाइन.

महाराष्ट्रातल्या उसावर जे गाजलेले समाजशास्त्रीय लेखन झाले, ते मुख्यतः कालव्याच्या मुलखातले आहे. बी. एस. बावीसकरांनी कोपरगावचा सहकार अभ्यासला, डोनाल्ड अॅटवूड यांनी नीरा कालव्यावरच्या माळेगावचा. ती पुस्तके प्रत्येक नव्या अभ्यासकाने वाचलीच पाहिजेत. पण कालव्याचे पाणी सरकार सोडते आणि ते उताराने वाहते. नदीतून उपसलेले पाणी विजेवर चढते आणि ते बहुतेक वेळा शेतकऱ्यांच्या पाणीसंस्थेचे किंवा चार भावक्यांनी मिळून टाकलेल्या पाइपलाइनचे असते. पाण्याची पाळी कोण ठरवतो, पाइप फुटला तर खर्च कोण उचलतो, वीज रात्री आली तर दारे धरायला कोण जातो, हे सारे प्रश्न इथे वेगळे आहेत. विजेचा हिशेबही सीमेवर बदलतो. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत मिळते हे बऱ्याच वर्षांपासूनचे. महाराष्ट्राने साडेसात अश्वशक्तीपर्यंत तशी सवलत दिली ती २०२४ मध्ये. पाण्याला लावलेली किंमत आणि रानात सोडलेले पाणी यांचा संबंध तपासायचा असेल, तर नदीच्या दोन काठांसारखी जागा दुसरी सापडणार नाही.

हवामानाचे दान पाण्याइतकेच मोठे आहे. उसाला वाढीच्या काळात ऊब आणि ओल हवी, पिकण्याच्या काळात मात्र कोरडी हवा आणि थंड रात्री. वाढ मंदावली की पानांत तयार झालेली साखर नवी कांडी बनवण्यात खर्च न होता खोडात साठते. कोल्हापूर आणि उत्तर बेळगाव या पट्ट्यात नोव्हेंबर ते जानेवारीच्या रात्री पुरेशा गार असतात आणि दिवसा स्वच्छ ऊन पडते. त्यामुळे इथल्या चांगल्या कारखान्यांचा उतारा बाराच्या आसपास जातो. शंभर किलो उसातून बारा किलो साखर, हा आकडा देशातल्या अनेक ऊसप्रदेशांना दीर्घकाळ गाठता आला नव्हता. समुद्रकाठच्या दमट प्रदेशात ऊस उंच वाढतो पण असा गोड होत नाही, आणि उत्तर भारतात थंडी इतकी पडते की वाढीचे महिनेच कमी पडतात. दख्खनच्या या कोपऱ्यात दोन्ही गोष्टी जमून आल्या आहेत.

जातींचा इतिहास मात्र थोडक्यात सांगतो, कारण त्यावर लेखन विपुल आहे. १९१२ मध्ये कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झाले. बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड, रसाळ उसाचा रानटी ऊसवर्गीय गवताशी संकर केला आणि १९१८ मध्ये ‘को २०५’ शेतात आला. आज जगातल्या अनेक देशांच्या उसात कोइमतूरचे रक्त आहे. आपल्याकडे ‘को ७४०’ने एक पिढी गाजवली, मग ‘को ८६०३२’ आली आणि अजून हटलेली नाही. पाडेगावच्या संशोधन केंद्राने दिलेली ‘फुले २६५’ तिच्या जोडीला उभी राहिली. संकेश्वरला धारवाड कृषी विद्यापीठाचे ऊस संशोधन केंद्र आहे, आणि या भागाच्या मातीला जुळणाऱ्या जातींसाठी तिथले काम सदलग्याच्या शेतकऱ्याला सर्वांत जवळचे. एका जातीवर सगळे शिवार टेकवण्याचा धोका उत्तर प्रदेशाने नुकताच पाहिला. ‘को ०२३८’ने तिथला उतारा वाढवला, तीच जात जवळपास सगळीकडे पसरली, आणि लाल कूज रोग आला तेव्हा पडझडही सगळीकडे झाली. आपल्या पट्ट्यात ८६०३२ ची मक्तेदारी किती आहे, हे प्रत्येक गावच्या ऊसनोंदीतून मोजण्यासारखे आहे.

आता मातीकडे येऊ, आणि इथे जरा थांबू. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगेच्या काठची काळी माती खोल आहे, ओल धरून ठेवते आणि उसाला ती मानवते. पण तिच्यातून पाणी खाली झिरपायला वेळ लागतो. अशा मातीत वर्षानुवर्षे मोकळे पाणी दिले की जमिनीखालची पाण्याची पातळी हळूहळू वर येते. उन्हाळ्यात ते पाणी केशाकर्षणाने पृष्ठभागापर्यंत चढते, वाफ होऊन उडते आणि सोबत आणलेले क्षार वर ठेवून जाते. आधी उगवण विरळ होते, मग खोडवा धरत नाही, मग रानात पांढरट थर दिसतो, आणि शेवटी ज्या एकरात साठ टनांची स्वप्ने पाहिली तिथे गवतही नीट येत नाही. शिरोळ, मिरज, वाळवा आणि आपल्या चिकोडी-अथणीच्या नदीकाठी अशी क्षारपड रानं पाहायला मिळतात. दुःख हे की ही बहुधा गावातली सर्वांत आधी बागायत झालेली, सर्वांत सुपीक म्हणून नावाजलेली रानं असतात.

यावर उपाय आहे आणि तो जवळच करून दाखवला गेला आहे. शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने सच्छिद्र पाइपांची भूमिगत निचरा योजना गावोगाव राबवली. जमिनीखाली साधारण तीन-चार फुटांवर छिद्रे असलेले पाइप ठरावीक अंतराने पुरायचे, त्यांत उतरलेले खारे पाणी मुख्य पाइपात आणायचे आणि तिथून ओढ्याला किंवा नदीला सोडायचे. दोन-तीन पावसाळ्यांत वरचे क्षार धुऊन जातात आणि मेलेली जमीन पुन्हा पिकाला येते. तंत्र अवघड नाही. अवघड आहे ते शेजाऱ्यांचे एकमत. माझ्या रानातले पाणी बाहेर काढायचे तर मुख्य पाइप दुसऱ्याच्या बांधातून, तिसऱ्याच्या वरंब्याखालून न्यावा लागतो. पाणी आणण्यासाठी आपण पिढीभर संस्था उभारल्या, पाणी काढण्यासाठीच्या संस्था आता कुठे उभ्या राहत आहेत. मृदाशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा क्षारांचा विषय वाटेल, सहकाराच्या अभ्यासकाला तो विश्वासाचा वाटेल. दोघांनी एकाच बांधावर यावे असे मला मनापासून वाटते.

पूर ही याच पाण्याची दुसरी बाजू. २००५, २०१९ आणि २०२१ ही वर्षे इथल्या माणसाला तोंडपाठ आहेत. वरच्या अंगाला पावसाने जोर धरला की सदलगा-बोरगाव, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, कल्लोळ-येडूर असे एकेक पूल आणि बंधारे पाण्याखाली जातात. उसाला पुरात किती नुकसान होते हे पाण्याच्या उंचीवर आणि दिवसांवर ठरते. शेंडा पाण्यावर राहिला तर ऊस बराच तग धरतो, फक्त कांड्यांना मुळ्या आणि पांगशा फुटतात आणि वजन-गोडी घटते. पोंग्यात गाळ बसला, शेंडा काही दिवस बुडून राहिला, की वाढीचा कोंब कुजतो आणि ऊस वाळू लागतो. नुकतीच लावलेली आडसाली तर समूळ जाते. काठावरचे जाणते शेतकरी कोणत्या रानात आडसाली लावायची आणि कोणत्या रानात पूर थांबल्यावर पूर्वहंगामी, हे आजोबांच्या काळापासूनच्या पुरांच्या खुणांवरून ठरवतात. हे ज्ञान कोणत्याही नकाशावर उतरलेले नाही. एखाद्या भूगोलाच्या विद्यार्थ्याने ते गट नंबरांवर मांडले, तर पीकविम्यापासून कर्जमर्यादेपर्यंत कितीतरी निर्णय सुधारतील.

कीड-रोगांचे प्रकरण मोठे आहे. त्यातले एकच सविस्तर सांगतो, कारण ते आपल्या भागात घडले आणि त्यातून शिकण्यासारखे फार आहे. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली पांढऱ्या कापसासारखा थर दिसला. तो लोकरी मावा होता. काही आठवड्यांतच तो बेळगाव जिल्ह्यात उतरला. पानांवर काजळी धरली, उसाची वाढ थांबली आणि उतारा कोसळला. दहा फूट उंच, आडव्या-तिडव्या पडलेल्या उसात फवारणी करणे जवळजवळ अशक्य, आणि केली तरी ती पुरी पडेना. मग कीटकशास्त्रज्ञांना आणि शेतकऱ्यांना आढळले की काही फडांत मावा आपोआप नाहीसा होतो आहे. तिथे डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस हा जाळीदार पंखांचा कीटक मावा फस्त करत होते. धारवाड विद्यापीठासह अनेक केंद्रांनी हे मित्रकीटक वाढवून वाटले, आणि शेतकऱ्यांनी तर मित्रकीटक असलेली पानेच कापून एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन बांधली. दोन-तीन हंगामांत संकट आटोक्यात आले. हुमणीचा प्रश्नही असाच सगळ्यांनी मिळून सोडवायचा आहे. वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे सगळ्या गावाने एकाच आठवड्यात झोडपून गोळा केले, तर अळीचा प्रश्न अर्धा सुटतो. एकट्या शेतकऱ्याने कितीही औषध ओतले तरी शेजारच्या रानातून नवे भुंगेरे येत राहतात.

ऊस हा इथला एकमेव नगदी वारसा नव्हे. निपाणी म्हटले की जुन्या पिढीला तंबाखू आठवते, आणि १९८१ चे ते आंदोलन, ज्यात शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले आणि गोळीबारात काहींचे प्राण गेले. तंबाखूचा भाव व्यापाऱ्याच्या हातात होता. उसाला निदान कायद्याने ठरलेला दर आहे, ही जाणीव शेतकऱ्याला उसाकडे ढकलणाऱ्या कारणांपैकी एक आहे. साखर कारखान्यांआधीचा काळ गुऱ्हाळांचा. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेने कोल्हापुरी गुळाला बाजार दिला, आणि आसपासच्या गावांतला गूळ तिकडे जाऊ लागला. १९३२ च्या संरक्षण कायद्याने देशात साखर कारखाने झपाट्याने वाढले. बेळगाव जिल्ह्यात उगार खुर्दला शिरगावकरांचा उगार शुगर १९३९ मध्ये स्थापन झाला. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला त्याचे पडसाद सीमेपलीकडेही उमटले. आज या टापूत चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा, निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी हे सहकारी कारखाने आहेत. पलीकडे शिरोळचा दत्त, हुपरीचा जवाहर, टाकळीवाडीचा गुरुदत्त आहेत, आणि दोन्हीकडे खासगी कारखाने वाढत आहेत.

सदलग्यासारख्या गावात कारखाना म्हणजे फक्त उसाचे गिऱ्हाईक नव्हे. पीकेपीएसचे, म्हणजे गावच्या प्राथमिक कृषी पत सहकारी संस्थेचे, पीककर्ज उसाच्या भरवशावर मिळते आणि ऊसबिलातून वळते होते. खताचे दुकान, ट्रॅक्टरचा हप्ता, मुलीच्या लग्नाची तारीख, मुलाच्या इंजिनिअरिंगची फी, सारे बिलाच्या तारखेकडे पाहून ठरते. टोमॅटो किंवा भाजीपाला एका आठवड्यात कुटुंबाला उभे करतो आणि दुसऱ्या आठवड्यात बसवतो. उसाचे उत्पन्न त्यामानाने स्थिर. ज्यांची मुले पुण्या-मुंबईला किंवा बेळगावला नोकरीला गेली त्या घरांत म्हातारी माणसेही ऊस सांभाळू शकतात. भरपूर पाणी पिणारे पीक सोडा असा सल्ला देणाऱ्यांनी ही स्थिरता पिकवणारे दुसरे पीक आधी दाखवावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

दराचा हिशेब प्रत्येक अभ्यासकाने स्वतः एकदा करून पाहावा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली केंद्र सरकार दर हंगामाला रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, ठरवते. ही पद्धत २००९-१० पासूनची. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जास्त. उतारा बारा असेल तर क्विंटलला ४१५.५५, म्हणजे टनाला ४,१५५ रुपये ५० पैसे. यातून तोडणी-वाहतूक वजा होते आणि उरलेले शेतकऱ्याच्या खात्यावर येते. आता उलटे पाहा. उतारा अर्ध्या टक्क्याने घसरला तर टनाला १७३ रुपये गेले, एकरी चाळीस टनांवर सहा हजार नऊशे वीस.

पण हा उतारा कोणाचा? एका शेतकऱ्याच्या उसाचा नव्हे, सबंध कारखान्याचा, सरासरी. इथे ऊसअर्थशास्त्रातली एक खोल गाठ आहे. मी दहा महिन्यांचा कोवळा ऊस घातला, जळका घातला किंवा शिळा घातला, तरी गोडीतला तोटा सर्वांत वाटला जातो. आणि मी राखून, वेळेवर, रसरशीत ऊस घातला तर त्याचा नफाही सर्वांत वाटला जातो. माझ्या खात्यावर मात्र वजन मोजले जाते. मग शेतकरी वजनाकडे झुकणार, हे साहजिक आहे. ‘फुले २६५’ टनेज देते, खारवट रानातही येते, पण पिकायला उशीर लावते. म्हणून सुरुवातीला अनेक कारखाने तिच्याबद्दल नाखूश आणि शेतकरी खूश, असा पेच पडला. नत्राचा शेवटचा हप्ता उशिरा देण्याच्या सवयीमागेही हेच गणित आहे: वजन वाढते, गोडी उतरते, आणि उतरलेल्या गोडीची किंमत सगळे मिळून भरतात. प्रत्येक खेपेची गोडी वेगळी मोजून पैसे देण्याची पद्धत जगात काही ठिकाणी आहे. ती इथे का रुजली नाही, छोट्या खातेदारांच्या मुलखात ती रुजू शकते का, यावर गंभीर काम व्हायला हवे.

आणि आता तोड. ऊस पिकला की त्याची वेळ सुरू होते. तोडल्यापासून चोवीस तासांत गाळप झाले पाहिजे, नाहीतर वजन आणि साखर दोन्ही उतरतात. उभ्या उसालाही तुरा आला, उन्हाळा लागला की तो हलका होऊ लागतो. फेब्रुवारीत तुटायचा ऊस एप्रिलपर्यंत उभा राहिला तर दोन महत्त्वाचे हिशेब बिघडतात: खोडव्याला मिळणारे महिने आणि पुढच्या लावणीची वेळ. तोडीचे पाळीपत्रक लागवडीच्या नोंदीवरून निघते. ते कागदावर न्याय्य असते. प्रत्यक्षात टोळी कधी येईल हे मुकादम, कारखान्याचा चिटबॉय, रानाला रस्ता आहे की नाही, आणि टोळीला खुशाली किती, यांवर ठरते. छोट्या शेतकऱ्याला, ज्याचा वीस गुंठ्यांचा फड आतल्या बाजूला आहे, सर्वांत जास्त थांबावे लागते. ऊस पेटवून दिला तर टोळी लवकर येते, म्हणून काही जण तोही मार्ग धरतात आणि जळिताची कपात सोसतात. थांबण्याची ही किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. नोंद झालेली लागवडीची तारीख, पक्वतेची तारीख आणि प्रत्यक्ष तोडीची तारीख अशा तीन तारखा काही शे फडांसाठी जुळवल्या, तर या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या नुकसानीचे सर्वांत खरे चित्र हाती येईल असा माझा विश्वास आहे.

तोडणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिक कठीण आहे. बीड, धाराशिव, विजयपूरकडच्या कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडायची, पहाटेच्या दवात फडात उतरायचे, वाढे विकून वरखर्च भागवायचा. मुलांची शाळा तुटते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला तेव्हा महाराष्ट्राला विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. साखरेच्या किमतीत या शरीरांचा हिशेब धरला पाहिजे, हे मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो. हार्वेस्टर यंत्रे आली आहेत. पण वीस-तीस गुंठ्यांच्या तुकड्यांत आणि ओल्या काळ्या रानात ती पूर्ण उत्तर देऊ शकत नाहीत. आणि देऊ शकली, तर कोयत्यावर जगणाऱ्या कुटुंबांचे काय, हा प्रश्न यंत्राच्या मालकाने विचारला नाही तरी अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.

तोडीनंतर पैसे. कायदा म्हणतो चौदा दिवसांत द्या, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज द्या. महाराष्ट्र सरकारने २०२२ च्या फेब्रुवारीत एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय २०२५ च्या मार्चमध्ये रद्द केला. यामागे स्वाभिमानी शेतकरी संघटनेची न्यायालयीन लढाई होती. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत या संघटनेचे राजू शेट्टी काय दर मागतात, याकडे सदलग्याचेही कान लागलेले असतात, कारण पलीकडे जाहीर झालेला दर अलीकडे मागणीचा पाया होतो. कर्नाटकाच्या बाजूला २०२५ च्या नोव्हेंबरात मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी ठाण मांडून बसले. टनाला ३,५०० रुपयांची मागणी होती, सरकारच्या मध्यस्थीने ३,३०० चा आकडा ठरला.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. ऊस त्या कारखान्याकडे जातो जो दोन पैसे जास्त देतो, लवकर तोडतो, बिल वेळेवर काढतो, आणि बहुतेक वेळा या तीन गोष्टी एकाच ठिकाणी सापडत नाहीत. दोन्ही राज्यांत गाळपाची सुरुवात एकाच दिवशी होत नाही. कर्नाटकातले कारखाने काही हंगामांत आधी पेटतात आणि पहिले काही दिवस पलीकडचा ऊस ओढून घेतात. २०२३ च्या सप्टेंबरात पाऊस कमी पडला तेव्हा महाराष्ट्र सरकारने राज्याबाहेर ऊस नेण्यावर बंदी घातली होती. शेतकऱ्यांनी विरोध केल्यावर ती मागे घेतली गेली. दोन गिऱ्हाइके असणे ही सीमेवरच्या शेतकऱ्याची मोठी ताकद आहे, आणि ती कोणत्याही सरकारी योजनेतून आलेली नाही. दोन्ही राज्यांत सभासद असलेल्या कारखान्यांसाठी बहुराज्य सहकारी कायदा आहे, तरी मतदानाचा हक्क, सवलतीची साखर, नुकसानभरपाई, पीकविमा यांत सीमेपलीकडच्या सभासदाला काय मिळते याची तुलना करण्यासारखी आहे.

इथेनॉलबद्दल दोन शब्द पुरेत. ब्राझीलने १९७५ मध्ये उसापासून इंधनाचा कार्यक्रम हाती घेतला, भारताने २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रणाचे लक्ष्य गाठले. पण २०२३ च्या डिसेंबरात साखर कमी पडेल या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी निर्बंध आले आणि आसवनींत पैसे गुंतवलेले कारखाने अडचणीत आले. कारखान्याची अडचण चौदा दिवसांच्या बिलापर्यंत किती दिवसांत उतरते, हे मोजता येते.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला माझी विनंती आहे की कन्नड आणि मराठी दोन्ही वाचायला शिका. चिकोडीच्या कृषी खात्याचे कागद कन्नडात आहेत, पाडेगावच्या आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या पुस्तिका मराठीत, आणि दोन्ही बाजूंच्या ऊसबिलांवरची वजावटीची सदरे वेगवेगळी. एखाद्या शेतकऱ्याकडे मागल्या दहा वर्षांची बिले जपून ठेवलेली असतात. विश्वास मिळाला तर तो ती काढून देतो, आणि त्या एका पिशवीत एका कुटुंबाचा अर्थशास्त्राचा ग्रंथ असतो. शेतातले काम मे महिन्यात सुरू करावे. जूननंतर पावसाने क्षार खाली जातात आणि सगळी रानं सारखीच हिरवी दिसतात. मे महिन्यात नदीपासून सुरुवात करून चढाच्या दिशेने पाच-सहा विहिरींच्या पाण्याची क्षारता मोजा, प्रत्येक विहिरीच्या मालकाला त्याच्या आजोबांच्या वेळी पाणी किती हातांवर होते ते विचारा, आणि दोन्ही आकडे एकाच वहीत शेजारीशेजारी लिहा.